गाडी नसताना

मानवतच्या जिनिंगवरचा मोठा काटा
दर तीस सेकंदांनी नांदेडला विचारायचा,
माझ्यासाठी काही आहे का?
नांदेड म्हणायचं, नाही.
दिवसाला दोन हजार आठशे ऐंशी वेळा
नाही.

आमच्या सर्व्हरला बोलता येतं,
सुरुवात करता येत नाही.
मधल्या भिंतीचं दार फक्त काट्याच्या बाजूनं उघडतं.
बाहेरून हाक मारली की भिंत
ऐकलं न ऐकलं करते,
उधारीवाला दारात असल्यासारखी.

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात मी एवढंच बदललं.
सर्व्हरला सांगितलं, लगेच नाही म्हणू नकोस.
त्याचा प्रश्न हातात धरून बस, चार मिनिटं, पाच.
आणि तुलाच काही विचारायचं असेल
तर उत्तराच्या पोत्यात तुझा प्रश्न भर,
तोंड शिवून पाठव.
तो त्याचं उत्तर
पुढच्या प्रश्नातून आणील.

कागदावर हे सगळं उलटं दिसतं.
साहेब म्हणाले, हे चालायलंय कसं?
म्हटलं, चालायलंय.

पहिल्याच रात्री, दोन चाळीसला,
सर्व्हरनं पोतं पाठवलं:
गाडी नसताना किती दाखवतोस?
काटा परत आला तो साठ किलो घेऊन.
हंगाम संपलेला. सरकीसुद्धा उचललेली.
दुसऱ्या रात्री साठ.
तिसऱ्या रात्री साठ,
पहाटे पाचला शून्य.

चौथ्या रात्री वॉचमन मैनोद्दीनभाईंना फोन लावला.
काट्यावर काही राहिलंय का हो?

"मीच हाय की.
खोलीचा पत्रा निवतच नाही.
हे लोखंड गार लागतंय पाठीला."

मग जरा थांबून,
फोन आलाच आहे तर विचारून घ्यावं तसं,
"तुम्ही कामून जाग्या, मॅडम?"

माझ्याकडे उत्तर होतं.
बरंच जुनं, लांबलचक,
कोणी विचारल्याशिवाय
पाठवायची सोय नसलेलं.

सांगते, म्हटलं.

पलीकडे कुत्रं भुंकलं, गप्प झालं.
ते कुशीवर वळले असावेत:
स्क्रीनवर साठाचे पन्नास झाले,
परत साठ.