तिसरा संच

पहिला आला तेव्हा
अर्ध्या डॉलरवर दुधाळ डाग होता,
कपाळापासून थेट मानेपर्यंत,
जणू कुणी नाण्यावर श्वास सोडला
आणि पुसायचा राहून गेला.
परत पाठवला.

दुसऱ्यात पाव डॉलर उलटा बसवलेला,
डाइमच्या कडेला ओरखडा.
वर सीलबंद झाकण,
सोबत प्रमाणपत्र, त्यावर छापील सही.
फोनवरच्या बाईनं नाव विचारलं.
काझिमिर व्रोना. व्ही नाही, डब्ल्यू.
ती म्हणाली, सर, हे फक्त भिंगातूनच दिसतं ना?
म्हटलं, बाई, भिंगातूनच बघायची वस्तू आहे ही.
खर्चायची असती
तर कोपऱ्यावरच्या बँकेतून आणली असती.

आज तिसरा.
न्यू ब्रिटनमध्ये सकाळपासून ओला बर्फ.
टेबलावरचा ब्रेडचा भुगा झाडला,
ब्रोन्याचा शिवणकामाचा दिवा ओढला,
भिंग डोळ्याला लावलं.
सेंट ठीक. निकेल ठीक. डाइम ठीक.
पाव डॉलर:
काळाभोर आरशासारखा तळ
आणि झाकणाच्या आत, त्या आरशावर,
पापणीचा एक केस.

वाकलेला. एका टोकाला पांढुरका.
आरशामुळे दोन दिसत होते.

तिकडे सॅन फ्रान्सिस्कोत, म्हणे,
डोक्यावर जाळी, हातात मोजे, गाळून घेतलेली हवा.
तरी कुणीतरी डोळा चोळलाच.

एकतीस वर्षं मी बेअरिंगच्या कारखान्यात
पोलादी गोळ्या तपासल्या.
डोळे कधी चोळले जातात, मला विचारा.
सकाळी नाही. पाळी सुटायच्या आधी, सव्वातीनला.
डोळ्यांत तेल घालून बघा रे, म्हणायचा फोरमन दुल्स्की.
तेल होतंच डोळ्यांत. मशीनचं.

एकाहत्तरच्या नोव्हेंबरात, एका शुक्रवारी,
एक ट्रे मी न बघताच पुढे ढकलला.
चारशे गोळ्या. वर शिक्का: तपासलं.
कारण काही मोठं नव्हतं,
चारला बोलिंगची स्पर्धा होती.
(हरलो.)
कुठल्या चाकात गेल्या त्या, कुठल्या पंख्यात, ठाऊक नाही.
कुणाचा फोन आला नाही.
कुणी परत पाठवल्या नाहीत.
ब्रोन्याला मी हे कधी सांगितलं नाही.

परतीचा फॉर्म काढला.
दोषाचं वर्णन, या रकान्यात
पापणी असं लिहिलं. खोडलं.
केस लिहिलं. तेही खोडलं.
पेन तसंच हातात.

मग स्वयंपाकघरातली सुरी आणून झाकण फोडलं.
ज्यांना नाण्यांतलं कळतं
ते इथे तोंड फिरवतील.
पापणी कुठे उडाली, दिसली नाही,
दिवा हलवून हलवून शोधली.
नाणं ओट्यावर टाकलं.
बद्द नाही. खणखणीत.
चांदीच ती.
दोनदा टाकलं, उगाच.

मंगळवारी तळघरातल्या लॉन्ड्रीत
चादरींना सहा नाणी लागतात, पाच होती.
सहावं खिशातलं ते टाकलं.
मशीननं गिळलं, क्षणभर विचार केला,
आणि थुंकलं.
पुन्हा टाकलं, पुन्हा थुंकलं,
लखलखीत, माझ्या अंगठ्याच्या ठशासकट.
शेजारी मिसेस केन्योनेस मोजे जुळवत बसल्या होत्या.
म्हणाल्या, खोटं आहे वाटतं, हे घ्या माझं.
मळकट, नाकडोळे झिजलेलं, कडेला च्युइंगमसारखं काही.
ते एका झटक्यात आत गेलं.

पाणी चढलं. ड्रम फिरायला लागला.
आत कुठेतरी एक बेअरिंग कुरकुरत होतं,
फार नाही,
दर फेऱ्याला एकदा.
मिसेस केन्योनेसना ऐकू येत नव्हतं.
मी पाटी उलटी करून तिच्यावर बसलो
आणि चादरी होईपर्यंत
कान देऊन राहिलो.