वहीतले चार

दांडिया बाजारच्या तोंडाशी, सेव-उसळच्या गाडीवर,
खिडकी बंद व्हायला दीड तास उरलेला असतो.
खिडकी म्हणजे ट्रान्सफरची. तिकडची, सात समुद्रांपलीकडची,
जिथे आमच्यापैकी कुणीच कधी गेलेलं नाही
आणि जिच्यात खेळणाऱ्या लाल जर्सीला आम्ही 'आपण' म्हणतो.
'आपण तो पोर्तुगीज उचलायला हवा,' निनाद म्हणतो,
'पैसा काय, आहे आपल्याकडे.'
त्याच्या स्कूटरचे दोन हप्ते थकलेत.

केयूर फोन पुढे करतो. त्यात सगळं मोजलेलं:
पोरगा किती धावला, किती वेळा वळला,
डाव्या पायाने किती, डोक्याने किती,
आणि न झालेले गोलसुद्धा.
'नव्वद मिनिटांमागे शून्य दशांश तीन सात.'
'म्हणजे?'
'अपेक्षित गोल. झाला नाही, पण व्हायला हवा होता.'
'असं तर माझं लग्नही,' शिर्के म्हणतो
आणि आणखी तरी मागून घेतो.

'कुठल्या लीगचे आकडे हे? तिथला गोलकीपर म्हणजे
मांडवीचा दरवाजा, चारी बाजूंनी उघडा.'
'सतरातले सहा पेनल्टीचे आहेत. वजा कर.'
'का? पेनल्टीचा काय गोल नसतो?'
'जो भाई, व्हिडिओ बघून माणूस घेऊ नये,
चुकलेले पास कापलेले असतात त्यात.'
'म्हणून तर आकडा बघायचा. आकडा खोटं बोलत नाही.'

हे शेवटचं मेल्विन बोलतो.
फत्तेगंजचा मेल्विन मॅकवान, गुडघा गेलेला,
औषधांच्या कंपनीत जन्मभर हिशेब लिहिलेला.
मी पाव मोडतो. फार बारीक मोडतो.

पोलो ग्राउंडची नोंदवही माझ्याकडे असायची.
शहाऐंशीची. निळ्या पुठ्ठ्याची,
पेन गळायचं म्हणून पेन्सिलीने लिहिलेली.
डिसेंबरचं धुकं असं, की लांबचा गोलपोस्ट
फक्त ऐकू यायचा.
कॉर्नर आला, घोळक्यात कुणाच्या तरी नडगीला लागला,
जाळं नव्हतंच, तेव्हा चेंडू सरळ जाऊन
एका दूधवाल्याच्या सायकलवर आपटला.
दूधवाला काय बोलला ते मात्र सगळ्यांना कळलं.

नडगी मेल्विनची. मी लाइनीवरच उभा होतो.

'कुणाचा?' रेफरीने विचारलं.
ढमढेऱ्यांच्या वसंताचे तोवर नऊ झाले होते.
मंगळवारी रेल्वेची निवड. तिथे दहा लागत.
म्हणजे लेखी असं कुठे नव्हतं,
पण दहाला दोन घरं असतात, नवाला एक,
आणि साहेब लोक कागद हात लांब करून बघतात.
वसंताच्या वडलांची मिल बंद पडून सात महिने झालेले.
मी लिहिलं: ढमढेरे, एक.

मेल्विन अजून खालीच बसला होता,
नडगी धरून, हसत.

वसंता मागल्या साली प्रतापनगरहून रिटायर झाला.
पेढे घेऊन आला. म्हणाला,
'त्या वर्षी दहा मारले आपण, आठवतं?
शेवटचा तर धुक्यात. बरोब्बर कोपऱ्यात.'
त्याला कोपरासुद्धा आठवत होता.
मी दोन पेढे खाल्ले.

'गेला!' केयूर ओरडतो. 'दुसऱ्यांनी नेला त्याला!'
मग थोडा वेळ कुणीच 'आपण' म्हणत नाही.
गाडीवाला बशा विसळायला घेतो.
निनाद म्हणतो, बरंच झालं, तसाही तो
थंडीत खेळत नाही.
करायला काही उरलं नाही म्हणून केयूर विचारतो,
'मेल्विनकाका, तुम्ही खेळायचात ना? किती गोल तुमचे?'

'वहीत चार आहेत,' मेल्विन म्हणतो,
लगेच, न मोजता,
आणि उरलेली सेव
माझ्याकडे सरकवतो.