एक वीत पुढे

टोलवरच्या पोराने मान बाहेर काढून मागे बघितलं.
"गाडीला काय झालंय?"
काही नाही, चालू आहे.
"मग ओढताय कशाला?"
मल्लेशम हसला, काच वर केली.

पंपावरच्याने विचारलं, "साहेबांची का?"
माझी, म्हटलं.
त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं
आणि डिझेल पंचवीस रुपयांचं जास्त गेलं.

एकतीस वर्षं चालवली राजदूत.
वळसंग, मंद्रूप, भंडारकवठे,
मागे बांधलेला नायट्रोजनचा कॅन.
डब्यात बैल घेऊन फिरणारी बाई, म्हणायचे,
आणि गोठ्याचं दार उघडायचे.

रविवारी कॅनच्या जागी मल्लेशम.
तो जकार्डची कार्डं ठोकायचा.
मोराच्या एका पिसाला किती भोकं लागतात, पाठ.
क्लच कुठल्या हाताला, ते नाही.
वस्तीतून जाताना सीटखालची सळई धरून बसायचा,
शेवटचं घर मागे पडलं
की खांदा.

साठीला तो गाडी शिकला.
शाळेच्या पोरांचा जुना टेम्पो घेतला,
बाकं काढली, पलंग बसवला, ओटा बसवला,
खिडक्यांना चादरीचे पडदे, त्याच्याच मोरांचे.
घर झालं, म्हणाला, चल.
ती आली तर येते, म्हटलं मी.

अक्कलकोट रोडच्या दस्तगीरने ट्रेलर जोडून दिला.
"वजन चाकाच्या पुढे ठेवा, बाई. जास्त नाही, थोडंच.
मागे गेलं की शेपूट हलतं,
मग कोण कुणाला ओढतंय, कळत नाही."
पट्ट्याखाली घडी घालून चादर, ओरखडा नको.
पुढचं चाक खाचेत, शॉकअप अर्धे दाबलेले.
इतकी जनावरं खोड्यात उभी केली मी,
पण हिच्याकडे बघवेना.

आरशात ती दिसत नाही.
घर रुंद, ती बारीक.
खड्डा आला की मागून एक हिसका,
आहे, म्हणते.

तेरामैलच्या अलीकडे
शेपूट हललं.
उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे, जास्त.
मल्लेशमची बोटं स्टिअरिंगवर पांढरी.
ब्रेक नको, म्हटलं. पाय सोड. सरळ धर. सोड.
अडलेल्या म्हशीच्या मालकाशी बोलायचे तो आवाज,
किती वर्षांनी.

थांबलो. उतरून बघितलं
तर ट्रेलरच्या अगदी टोकाला, ताडपत्रीखाली,
पत्र्याची पेटी.
कार्डं. सगळी. माग भंगारात गेला, ही नाही.
"एवढीच," तो म्हणाला, रस्त्याकडे बघत.

मी काय बोलणार?
पेटी दोघांनी उचलून पुढच्या दांड्याशी आणली.
पट्टे सैल केले, हिला एक वीत पुढे सरकवलं,
पुन्हा आवळले. कट, कट, कट.
विजापूरकडून येणारे ट्रक हॉर्न देत होते,
ऊन इतकं की पाना फडक्यात धरावा लागला.

संध्याकाळी टाकळीच्या अलीकडे, कापलेल्या ज्वारीच्या रानात,
दूध नाही, म्हणून
फळी लावून उतरवली तिला.
तिसऱ्या किकला आली.
मागे कॅन नाही, माणूस नाही,
आणि पहिल्याच दगडावर मागचं चाक उडालं.
इतकी हलकी ही कधीच नव्हती.
आरशात बघितलं: रानात एकटं घर,
पडद्यामागे दिवा, मोर उलटे दिसणारे.

मंद्रूपच्या फाट्याला एक म्हातारा उभा राहिला.
चेहऱ्याकडे नाही बघितलं त्याने,
आवाज ऐकून म्हणाला, "बैलाची बाई का?"
त्याच्या गोठ्यात मग बसावंच लागलं.

परतले तेव्हा अंधार.
किटली सीटला बांधलेली, पदराला कडब्याचा वास.
"फाट्यापर्यंतच ना? मग एवढा वेळ?"
तो बाहेर उभा होता, हातात फळी, केव्हापासून कोण जाणे.

राहू दे आज फळी, म्हटलं.
बस मागे.
"कुठं?"
इथंच. पुलापर्यंत.
त्याने चुलीवरचं झाकण नीट केलं, दाराला कडी लावली,
सळई शोधली अंधारात.
वस्ती नव्हतीच आसपास.