पाव टक्का

तीन कागद स्वयंपाकघराच्या टेबलावर.
एक मीठदाणीखाली, एक चष्म्याच्या घराखाली,
तिसरा मांजराच्या पाण्यात पडला होता,
तो रेडिएटरवर वाळतोय.

लुइस्टन, फेब्रुवारी. गिरणीचा कालवा गोठलेला.
रात्रभर बेकरीत राय तिंबून आलेय मी,
नखांत पीठ, आणि त्याच नखानं
दशांश चिन्हामागचे आकडे खरवडते आहे.

घर तीन मजली, लाकडी, पिवळं.
मागच्या जिन्याला एक पायरी कमी.
किंमत दोन लाख ऐंशी हजार,
त्यातले सत्तर माझे :
रेमोंच्या विम्याचे, आणि एकतीस वर्षांच्या रात्रपाळ्यांचे.

मोठी बँक म्हणते सव्वासात.
फोनवर दर वेळी नवा आवाज,
दर वेळी मी पुन्हा जन्मतारखेपासून सुरू.
म्हणते, तुम्ही तिथं राहणार नाही ना,
मग दर जरा चढाच. आणि भाडं धरू
बारा महिन्यांतलं नऊच महिन्यांचं.
उरलेले तीन महिने त्यांच्या लेखी
घरात कुणी राहतच नाही.

दलाल पोर्टलंडचा. पावणेसातच्या जरा वर.
पण आधी बेचाळीसशे मोजायचे, दर खाली ओढायला.
महिन्याला त्रेपन्न वाचतात.
मी पिठाच्या पिशवीवर भागाकार केला :
साडेसहा वर्षांनी ते पैसे वसूल.
साडेसहा वर्षांनी मी चौसष्ट.
हातचा एक कुठे धरायचा, विसरले.

पतपेढी म्हणते साडेसात. सगळ्यांत महाग.
पाव टक्का जास्त, म्हणजे महिन्याला छत्तीस डॉलर.
तिथली लॉरेन पेल्की तेवढी एकटीच म्हणाली :
ओदील, छप्पर पाहिलंस का वर चढून?

काल दलालाचा फोन.
तिसऱ्या मजल्याचं भाडं अकराशे पन्नास लिहिलंय तुम्ही,
गणित बसत नाही.
चौदाशे लिहा. बाजार देतो तेवढे.
फक्त लिहायचं आहे, बाई.

तिसऱ्या मजल्यावर हिबाक राहते, चार मुलं,
मी घर बघायला गेले तेव्हा तिनं चहा दिला,
वेलची घातलेला, न विचारता,
आणि खिडकीतून येणारा वारा दाखवला,
चिकटपट्टी लावून लावून थकलेली खिडकी.
आम्हीही अशाच तिसऱ्या मजल्यावर वाढलो.
घरमालक पहिल्या शुक्रवारी यायचा.
बाबा दार उघडायच्या आधी
शर्टाचं वरचं बटण लावायचे.

म्हणजे तो स्वस्त दर स्वस्त होता
अडीचशे डॉलर हिबाकनं भरले तर.
कागदावर हे कुठेही लिहिलेलं नाही.
मी दोनदा पाहिलं, चष्मा लावून.

मी काही संत नाही.
छप्पर बदललं की भाडं वाढवीन,
चाळीस, कदाचित साठ.
तिला आधी खिडकी बसवून देईन, मग सांगेन,
आणि तिला ते आवडणार नाही.

रेडिएटरवरचा कागद वाळला, पापडासारखा वाकडा.
पतपेढीचाच होता तो.
अकराशे पन्नासवर मी पुन्हा पेन फिरवलं,
शाई फुटली होती तिथं.

मग ब्रेड कापला, कडेचा तुकडा,
आणि उभ्यानंच खाल्ला.
नऊला पतपेढी उघडते.