दिवसाआड

जेल रोडला, जिन्याखालच्या दुकानात
नौशाद माझा फोन तळहातावर तोलतो
कैरी तोलावी तसा.
"आंटी, रिसेट मारावा लागेल.
फोटो, नंबर, सगळं परत येईल."
(रामबागेत वाढलाय, मराठी माझ्याहून साफ.)

सगळं म्हणजे काय काय,
हे कसं सांगू, मागे तीन गिऱ्हाइकं उभी असताना.
खाली डाव्या कोपऱ्यात कॅल्क्युलेटर,
कारण उजव्या हातात पिशवी असते आणि
मंडीतला भाजीवाला तोंडी हिशेब फार भराभर करतो.
अक्षरं एवढी मोठी
की बसमध्ये शेजारचा माझ्या आधी वाचून घेतो.
देवासच्या मंदाचा फोन आला की कुकरच्या तीन शिट्ट्या,
माझ्याच कुकरच्या, ओट्यापाशी उभं राहून भरलेल्या:
ती नेमकी डाळ लावली की करते.
दोनदा खऱ्या शिट्टीला मी हॅलो म्हणालेय.

आणि कीबोर्ड. आला तेव्हा त्याला काही येत नव्हतं.
पोहे लिहावं तर पोहणे पुढे करायचा.
मी पुसायची, परत लिहायची,
शेवटी शेवटी पोहे म्हटलं
की आपणहून जीरावन म्हणू लागला.
पुण्याची भाची म्हणते, मावशी, तुझं मराठी असं कसं गं.
फोन कधी म्हणाला नाही.

एकच गोष्ट जमली नाही.
नर्मदेचं पाणी आमच्याकडे दिवसाआड, पहाटे पाचला.
गजरात सोमवार आहे, मंगळवार आहे,
रोज आहे,
दिवसाआड नाही.
ज्यानं केला त्याच्या नळाला रोज येत असणार.
म्हणून एक रात्र सोडून मीच लावते.
गजराचं नाव: नर्मदा.

एकतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये होते मी.
तेव्हा घरोघरी तोच काळा फोन, तीच घंटी,
खात्याचा. आपला नव्हेच.
तरी लाइनमन रेशिमवाले दुरुस्ती करून आला की सांगायचा,
कुणी त्याला क्रोशाचं झाकण घातलंय,
कुणी डायलच्या मधोमध कुंकवाचं बोट,
एकीनं तर वायरीत मणी ओवले होते,
ते सोडवता सोडवता त्याची दुपार गेली.
तो हसायचा. मी नाही हसले.
माझ्या हेडफोनच्या दांडीला निळी लोकर गुंडाळलेली होती,
दुसरीनं चुकून उचलू नये म्हणून.
खरं म्हणजे नुसती निळी आवडते म्हणून.

काउंटरवर नौशादचा स्वतःचा फोन थरथरला.
पडद्यावर कंपनीनं दिलेला डोंगर, अजून तसाच.
"तू काही नाही लावलंस?"
"दिवसभर दुसऱ्यांचंच लावतो, आंटी." मग हळूच:
"मारू?"

हातात आला तेव्हा अगदी आमच्या शहरासारखा,
ओला कचरा वेगळा, सुका वेगळा,
कुठं कागदाचा कपटा नाही.
अंगठा सवयीनं डाव्या कोपऱ्यात गेला.
तिथं आता हवामान आहे.
अंशतः ढगाळ.

रात्री मंदाला विचारायचं होतं,
पोहे करते, उद्या येतेस का.
पोहेपाशीच त्यानं पोहोचले केलं
आणि माझं बोट बाणावर पडलं.

मिनिटाभरात कुठलीशी टुणटुण सुरू झाली.
शेजाऱ्यांकडे असेल म्हणून मी खिडकी लावून घेतली.
थांबली, परत लागली.
मग पलंगावर उजेड दिसला, उजेडात मंदा.

"अगं कुठं पोहोचलीस? एवढ्या रात्रीची?"

कुठं म्हणून सांगू.
एका हातानं कुकर काढला, वाटीभर पाणी घातलं,
झाकण बसवलं.
"घरीच आहे. तू आता ठेव," म्हटलं,
"आणि तीन शिट्ट्या होईपर्यंत
करू नकोस."