झाकण

खिंडसीच्या मधोमध इंजिन दोनदा खोकलं
आणि गप्प.
शीड तर आधीच गप्प होतं,
दोरीवर विसरलेल्या लुगड्यासारखं.
एप्रिल. सकाळचे अकरा.
रामटेकची टेकडी पाण्यात उलटी उभी, हलेना.

ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
आयुध कारखान्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस.
दोरी ओढली. पुन्हा ओढली.
बावीस वेळा, मी मोजलं.
मग प्लग काढून शर्टाला पुसला,
दातांत पाना धरून म्हणाले, "कार्बन."
मग फिल्टर. मग जेट साफ करायला
माझ्या अंबाड्यातली पिन मागितली.
दिली. केस मानेवर आले, घामाला चिकटले.

थर्माकोलच्या ठोकळ्यावर बसून,
हातांनी पाणी मागे लोटत डोमाजी मारबते आला.
मांडीशी जाळं, जाळ्यात दोनच मासे.
"काहून थांबले, रोकडेसायेब?"
"इंजिन."
"हवा येते पाचाले."
बिडी काढली, पेट्रोलचा वास घेतला,
परत कानावर ठेवली.

तेवढ्यात मला टाकी दिसली.
लाल, दोन्ही गाल आत ओढलेले,
रुसून श्वास धरलेल्या पोरासारखी.
आणि आठवलं:
मनसरच्या अलीकडे वासानं डोकं उठलं होतं,
तेव्हा झाकणावरचा तो इवलासा स्क्रू
मीच आवळला होता. चांगला घट्ट.

सांगावं?
हे फळीवर पुर्जे मांडत होते,
पंगतीतल्या पत्रावळींसारखे एका रेघेत.
निवृत्तीनंतर इतकी शांत बोटं
मी पाहिली नव्हती.
पदर सावरायच्या निमित्तानं वाकले,
दोन आटे सैल केले.
टाकी म्हणाली, हुश्श.

डोमाजीनं पाहिलं.
मग जाळ्यातली गाठ सोडवत बसला,
जिथे गाठच नव्हती.

पाऊण तासानं सगळं जागेवर बसलं,
एक वॉशर उरला.
पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू.
"कार्बनच होता," हे म्हणाले.
"असंन ना बाप्पा," डोमाजी म्हणाला
आणि दोनातला एक मासा
आमच्या नावेत टाकला.

नागपूर येईपर्यंत ह्यांनी काही विचारलं नाही.
कन्हानच्या पुलावर फक्त शीळ घातली, बेसूर.

पुढच्या रविवारी टाकी गाडीत ठेवली,
माझ्या बाजूची काच स्वतः खाली केली.
"वास आला तर वारा घे," म्हणाले,
"झाकण राहू दे."

तो वॉशर
त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे.