इतिवृत्तात न आलेलं

ग्रोस्कारच्या सहा बेटांना मिळून एक ढाल हवी होती.
राजधानीतून नियम आला, दीड पानी:
रंग एक, धातू एक, चिन्ह एक.
धुक्यातून, डोलत्या होडीतूनही ओळखू यावं.

मी कारकून. इतिवृत्त लिहायचो.

पहिल्या बैठकीत पाळकांना क्रूस हवा होता,
उत्तरेच्या बेटाला देवमासा,
दक्षिणेच्या बेटाला देवमासा सोडून काहीही.
एइलर्टनं स्वतःचं दीपगृह सुचवलं
आणि लाजून लगेच मागे घेतलं.
कॉफीचे तीन थर्मास संपले.
मग कोणीतरी (नाव मी नोंदवलं नाही)
खिशातून जाळं सांधायची सुई काढली,
टेबलावर ठेवली.
लाकडी. घामानं काळी पडलेली.
सगळे गप्प.
अशी एक प्रत्येकाच्या घरात होती.

शहरातल्या चित्रकारानं आराखडा पाठवला:
निळ्यावर चांदीची सुई, उभी, टोक वर.
देखणी. जवळजवळ भाला.

पहिला झेंडा शिवायला ओडलाऊग टोफ्टेकडे दिला.
तिनं चष्मा पुसला,
कागद उलटा धरून पाहिला, मग सुलटा.
"हिची जीभ कुठाय?
पोटात जीभ नाही, तर दोरा अडकवायचा कशाला?
हिनं एक भोक सांधून दाखवा,
मग शिवते."

चित्रकारानं कळवलं: लांबून जीभ दिसत नाही.
तिचं उत्तर गेलं, माझ्या अक्षरात:
लांबून आम्हीही दिसत नाही.

त्या हिवाळ्यात टपालाची बोट दोनदा आलीच नाही.
एप्रिलात नवा कागद आला, सोबत चिठ्ठी नाही.
सुईच्या पोकळीत
काडीएवढी जीभ.

चांदी म्हणजे कापडावर पांढरं.
दुकानातलं पांढरं पिवळट निघालं,
आणि पिवळं म्हणजे सोनं, नियमानं दुसरा धातू.
ओडलाऊगनं आपली चादर कापली.
जिभेला टाके दुहेरी घातले;
वाऱ्यात आधी तीच उसवणार, म्हणाली.

झेंडा चढला त्या दिवशी वारा नव्हता.
ग्रोस्कारला, वारा नव्हता!
कापड खांबाला चिकटून राहिलं ओल्या टॉवेलसारखं.
बँडनं तेच गीत पुन्हा वाजवलं.
पोरं माना वर करून थकली,
धक्क्याकडे पळाली.
तिथं एका पिंपावर बसून
ओडलाऊग जाळं सांधत होती,
खाली मान घालून.

मी लिहिलं: ध्वजारोहण झालं. हवा शांत.